राजाखालची खाट

१

दुपारची शेवटची कोकराची थाळी भट्टीतून निघाली आणि गिऱ्हाइकं पांगली, की कासिल्दा हात धुवायची, लसणाच्या सुपाचं भांडं शालीत गुंडाळायची आणि इस्पितळाची वाट धरायची. बाल्देमोरा गाव एवढंसं. त्यात हिवाळ्यात रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. तरी वाटेत कोणी ना कोणी भेटायचंच आणि विचारायचं, "तोरिबिओ कसा आहे गं?"

"तोंड चालू आहे," ती म्हणायची, "म्हणजे बरा आहे."

तोरिबिओचं तोंड साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस. भट्टीपुढे उभा राहून तो महापौराला नावं ठेवायचा, पाद्र्याची नक्कल करायचा, आणि उरलेल्या वेळात बायकोशी, म्हणजे कासिल्दाशी, भांडायचा. लग्न झाल्यापासून या दोघांचं एका तरी गोष्टीवर एकमत झालेलं कोणी ऐकलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणायचे, भांडण हेच त्यांचं लेकरू, दोघं मिळून लाडाने वाढवतात. कासिल्दाला हे ऐकून हसू यायचं, कारण ते खरं होतं.

छातीत कफ साठून तो पुरुषांच्या वॉर्डात पडला होता. इस्पितळाची इमारत पूर्वी प्रांताची कचेरी होती आणि वॉर्ड म्हणजे तिथला सभेचा दिवाणखाना. खुर्च्या गेल्या, लोखंडी खाटा आल्या, भिंतीवरचा राजा तेवढा राहिला. तो माद्रिदच्या संग्रहालयाचा, गावाला नुसता सांभाळायला दिलेला. माद्रिदच्या परवानगीवाचून त्याचा खिळासुद्धा हलवता येत नव्हता, आणि परवानगी मागायला आजवर कोणालाही सवड झाली नव्हती.

दाराएवढं तैलचित्र ते. जुन्या काळी या देशावर राज्य केलेल्या गॉथ लोकांचा राजा रेसिमुंदो. शाळेत गॉथ राजांची नावं घोकताना पोरं ज्याच्यावरून हमखास उडी मारतात, तो. पणजोबांच्या काळातल्या कुणा चित्रकाराने काढलेला. डोक्यावर मुकुट नाही, बुडाखाली सिंहासन नाही. एक थोराड दाढीवाला खाटेच्या कडेवर बसलेला, केस खांद्यापर्यंत, अंगात जाडाभरडा तपकिरी झगा, आणि एक हात पुढे केलेला, तळवा वर. त्याच्यामागे नुसता काळोख. शेगडीच्या धुराने वॉर्निश काळवंडलं होतं.

त्याच्याच खाली तोरिबिओची खाट होती. ती कासिल्दाने मुद्दाम मागून घेतली होती, सिस्टर लेओकादियाला कोकराची एक तंगडी पोचती करून. शेगडी जवळ, ऊब चांगली.

"हा राजा की चर्चच्या पायरीवरचा भिकारी?" तोरिबिओ म्हणायचा. सूप आलं की आधी चित्राला दाखवायचा. "राजेसाहेब, हे घ्या तुम्हीच. आमची बाई मीठ घरी विसरून आली आहे."

"डॉक्टरांनी कमी घालायला सांगितलंय."

"डॉक्टर मला बरा करतोय का बेचव करतोय?"

"बेचव तू जन्मापासून आहेस. गीळ मुकाट्याने." मग ती त्याच्या मानेवर बोट टेकवायची. त्याचे केस ती घरीच कापायची, दर शनिवारी, स्वयंपाकघरात. मागच्या वेळी कात्री चालू असताना हा बोलायचा थांबला नव्हता, म्हणून उजवीकडे तिरका काप गेला होता. "हे बघ, अजून वाकडंच आहे. लवकर घरी ये, सरळ करते."

"तू कापलेलं सरळ कधी होतं?"

शेजारच्या खाटेवर अबुंदिओकाका होता, माकडहाड मोडलेला म्हातारा मेंढपाळ. तो भिंतीकडे तोंड करून हसायचा.

२

एका सकाळी तोरिबिओचं तोंड बंद झालं. डोळे अर्धवट उघडे, श्वासाला घरघर लागलेली. कासिल्दा भट्टी तशीच टाकून धावत आली आणि जेवणवेळ टळून गेली तरी त्याचा हात धरून बसली.

सिस्टर लेओकादिया तिच्या कानाशी वाकली. "फादरना बोलावू का?"

फादर म्हणजे मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल. कासिल्दाला वाटलं, आपण नाही म्हणावं. मग वाटलं, नाही म्हटलं आणि हा गेला, तर? नवऱ्याला तेलाशिवाय धाडलं, असं अख्खं गाव म्हणेल. गावाचं जाऊ दे, आपणच आपल्याला म्हणू. बाल्देमोरात ज्याला तेल लागलं नाही असा एकही मेलेला नव्हता.

अबुंदिओकाका कोपरावर उठायची धडपड करत होता. "थांब पोरी. अजून थांब जरा. त्या खाटेवर नको."

"काका, पडून राहा," सिस्टर म्हणाली. "हाड पुन्हा सरकेल."

कासिल्दाने मान डोलावली.

फादर सोसिमो आले. अंगठा तेलात बुडवून त्यांनी तोरिबिओच्या पापण्यांना लावला, कानांना लावला, ओठांना लावला, तळव्यांना लावला. ज्या ज्या वाटेने माणूस पाप करतो ती ती वाट पुसून बंद करायची, असा तो विधी. ओठांशी अंगठा गेला तेव्हा कासिल्दाच्या मनात आलं, इथे जास्त लागेल. ते आता त्याला सांगायला हवं होतं, तो पोट धरून हसला असता. म्हणून तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरांनी नळी छातीला लावली, पाठीला लावली, आणि म्हणाले, "बाई, हा माणूस म्हातारा होऊन मरणार." कासिल्दाने चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली आणि फादर सोसिमोंचा हात हातात घेऊन पुन्हा रडली.

३

उशी बदलायला तिने त्याचं डोकं उचललं तेव्हा बोटं एकदम गुळगुळीत जागेवर घसरली.

टाळूवर बरोबर मध्ये. बशीएवढी जागा, एकही केस नाही. खरचटलेलं नाही, खपली नाही. तळहाताच्या कातडीसारखी नितळ, आणि कडा अशी गोल की कंपास ठेवून आखावी. तिने उशी झटकली. उशीवर केस नव्हते. खाटेखाली वाकून पाहिलं, तिथेही नव्हते.

"तापाने जातात केस," डॉक्टर म्हणाले. "येतील परत."

"असे गोल जातात?"

"बाई, माणूस वाचला. केसांचं काय घेऊन बसलात?"

हेही बरोबरच होतं. तिने स्वतःला तेच बजावलं. मेलेला परत मिळाला आणि ही बया केस मोजत बसली, असं तोरिबिओच म्हणाला असता. ती वाट बघत बसली की आता म्हणेल.

तो उशीला टेकून बसला होता. चेहरा उतरलेला, पण रंग परत आलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं, हसला, आणि मऊ आवाजात म्हणाला, "आपल्याला फार त्रास झाला."

कासिल्दाने मागे वळून पाहिलं. मागे कोणी उभं असेल असं तिला वाटलं.

४

रोज ती थट्टेची वाट बघायची आणि रोज तो आभार मानायचा. सूप मिळाल्याबद्दल आभार, शाल पांघरल्याबद्दल आभार. भट्टीचं काय चाललंय हे त्याने विचारलं नाही. राजाकडे बघून एक अवाक्षर बोलला नाही. 'आपण' म्हणायचा, फार तर 'बाई' म्हणायचा. आजारपणात माणूस हळवा होतो, असं शेजारणी म्हणाल्या. सुंठीवाचून खोकला गेला, कुंपणापलीकडची दोमितिला म्हणाली, पाद्र्याच्या दोन थेंबांनी तुझा नवरा सुधारला, आम्हाला पण मागून आण ते तेल.

कासिल्दाने मग एक दिवस सुपात मीठ ओतलं. चिमटीने नाही, मुठीने. चमचा जिभेला लावल्यावर तिलाच थुंकावंसं वाटलं. भांडं घेऊन ती गेली, त्याच्यासमोर बसली, आणि मांडीवर हात दाबून धरून बघत राहिली. शिवी दे, ती मनात म्हणत होती. भांडं फेक. माझ्या आईचा उद्धार कर, तिने मला स्वयंपाक शिकवला नाही म्हणून.

त्याने पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी तरारलं, कपाळावर घाम आला, पण हात थांबला नाही. तळाचा पाव त्याने चमच्याने खरवडून खाल्ला आणि भांडं दोन्ही हातांनी तिला परत केलं.

"देव आपलं भलं करो, बाई."

वॉर्डात खूप लोक होते, शेगडी धडधडत होती, कोणीतरी खोकत होतं. इतक्या माणसांत, भर दुपारी, कासिल्दाला भीती वाटली. लग्नानंतर पहिल्यांदा तिला आपल्या नवऱ्याजवळ बसायची भीती वाटली.

५

"तेओदुलो गिरणीवाला आठवतो?" अबुंदिओकाकाने विचारलं. तोरिबिओ झोपला होता, नाहीतर डोळे मिटून पडला होता.

"हो. बायकोने हाकलून दिलेला."

"हाकलला नाही गं. तोही याच खाटेवर होता, मी आलो त्या सुगीत. तेल लावलं, सकाळी उठून बसला. घरी गेला तर स्वतःच्या दारात उभा राहायचा, कोणी 'आत या' म्हणेपर्यंत. रोज. किती दिवस म्हणेल ती बिचारी?"

"मग वेळेवर सांगायचं होतं ना, काका."

"सांगत होतो. माझं कोण ऐकतं?" म्हातारा कण्हत कुशीवर वळला. "माझी आजी म्हणायची, ज्याला तेल लागलं आणि तरी उठला, त्याने परत मटण खायचं नाही, नाचायचं नाही, बायकोशेजारी निजायचं नाही. त्याचा निरोप घेऊन झालेला असतो. आम्ही हसायचो तिला."

"आणि ही खाटच का?"

काकाने हनुवटीने वर दाखवलं. "त्याला विचार. तोही आजारीच पडला होता. दरबारी म्हणाले, मरतोय. मरताना डोक्याचा मधला गोल भादरून साधूचा झगा चढवायचा, अशी तेव्हाची रीत. म्हणजे वरचं दार लगेच उघडतं. तर हा सकाळी खडखडीत बरा होऊन उठला आणि म्हणाला, माझा मुकुट आणा. ते म्हणाले, कोणासाठी?"

कासिल्दाने वर पाहिलं. तो पुढे केलेला हात इतके दिवस तिला भिकाऱ्याचा वाटत होता. समोरून बघताना त्याची टाळू दिसत नव्हती.

"म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी," ती म्हणाली.

"असू दे," काका म्हणाला. "मला काही झालं तर मात्र फादरना कळवू नकोस."

६

तिने हट्टाने त्याला घरी न्यायचं ठरवलं. घरोघरी मातीच्या चुली, पण तोरिबिओची चूल वेगळी. भट्टीची आच तोंडाला लागली, पिठाचा वास नाकात गेला, की याच्यातला तो जागा होईल, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. त्या एका आशेवर ती उभी होती.

फेब्रुवारीतली उतरती दुपार होती. तोरिबिओ खाटेवर बसला होता आणि ती खाली वाकून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. टोकाच्या खिडकीतून ऊन आडवं आलं, खाटांच्या दांड्यांवरून सरकत भिंतीवर चढलं, आणि चित्राच्या कडेने आत शिरावं तसं त्या काळवंडलेल्या वॉर्निशवर पसरलं. नाडीची गाठ मारता मारता कासिल्दाने वर पाहिलं.

राजामागचा काळोख हा काळोख नव्हता. तिथे माणसं होती.

सगळी पाठमोरी, चर्चमध्ये असावीत तशी दाटीने उभी, माना खाली घातलेली, आत, खोलवर, जिथवर ऊन पोचत होतं तिथवर. प्रत्येकाच्या टाळूवर एक एक गोल चकाकत होता. आणि अगदी अलीकडे, राजाच्या कोपराशी, एक रुंद मान होती. तिच्यावर दोन वळ्या. उजवीकडे केसांचा तिरका काप.

ही मान तिने हजारांत ओळखली असती. तो काप तिच्याच कात्रीचा होता.

तिने खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं. त्याच्याही मानेवर तो काप होता. मग आपण वेडे झालो आहोत, तिने ठरवलं. झोप नाही, अन्न नाही, डोळ्यांत पाणी. जुनं वॉर्निश तडकतं, त्यात लोकांना संतसुद्धा दिसतात. हे सगळं तिने भराभर मनात म्हणून घेतलं, आणि तरी तिच्या तोंडून हाक गेलीच, अगदी हळू.

"तोरिबिओ."

"आपण मला काही म्हणालात का?" खाटेवरच्या माणसाने विचारलं.

चित्रातल्या त्या मानेची एक शीर ताठ झाली. काहीतरी खोचक बोलायला तो तोंड उघडायचा, त्याच्या आधी व्हायची तशी. डोकं वळायला लागलं.

ऊन गेलं. तपकिरी रंग उरला.

कासिल्दा खाटेवर चढली आणि थुंकी लावलेल्या शालीच्या टोकाने तो रंग घासायला लागली. सिस्टर लेओकादियाने धावत येऊन तिचे दोन्ही हात धरले. "काय करतेस हे? माद्रिदचं आहे ते. आपलं नाही, कासिल्दा."

"आतलं माझं आहे," कासिल्दा म्हणाली.

"चला बाई," तो माणूस म्हणाला आणि तिला खाली उतरायला त्याने आदबीने हात दिला. "इथे उशीर केलेला बरा नाही."

७

दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळेला परत गेली. ऊन आलं, भिंतीवर चढलं, चित्रावर पसरलं. धूर, धूळ आणि तिने घासलेला एक फिकट डाग. बराच वेळ ती उभी राहिली. तिने हाका मारल्या, मग शिव्या दिल्या, त्याला सगळ्यात जास्त झोंबायच्या त्या. वॉर्डातली माणसं उगीच दुसरीकडे बघत राहिली.

राजाखालच्या खाटेवर आता सेबेरा नावाच्या बाईचा नवरा होता, चामडं कमावणारा. त्याच्याही छातीत कफ. सेबेरा भाजलेले चेस्टनट सोलून त्याला भरवत होती.

"खाट छान मिळाली," ती कासिल्दाला म्हणाली. "शेगडीजवळ. तुझा इथेच बरा झाला ना?"

"त्याचं कितीही वाईट होऊ दे," कासिल्दा म्हणाली, "फादरना बोलावू नकोस. आले तर हाकलून दे. मरू दे त्याला, पण तेल लावू देऊ नकोस."

सेबेराचा हात थांबला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तुझ्याला तेल लावून घेतलंस, तो चालत घरी गेला. आणि माझ्याच्या वेळी तुझ्या पोटात दुखतंय? तू ख्रिस्ती आहेस का कोण आहेस?"

सेबेराच्या जागी कासिल्दा असती तर तिनेही हेच विचारलं असतं. शेजारची खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. अबुंदिओकाकाचं काय झालं हे तिने विचारलं नाही.

८

घरी तो दुकानातल्या बाकावर निजायचा. वर, खोलीत, ये म्हटलं तर खाली मान घालायचा. मटणाला शिवायचा नाही. पहाटे उठून भट्टी पेटवायचा, लाकडं रचायचा, लांब दांड्याच्या फावड्याने थाळ्या आत सारायचा, सगळं अगदी नीट. तोरिबिओच्या हातून निम्मं करपायचं, याच्या हातून काही करपत नव्हतं. गिऱ्हाइकं खूश होती. माणसं मात्र पूर्वीसारखी रेंगाळत नव्हती. थाळी उचलायची आणि निघायची.

कासिल्दाने सगळे उपाय केले. त्याच्यावर ओरडली, त्याच्यापुढे रडली. एकदा त्याच्या थोबाडीत मारली, तर त्याने दुसरा गाल पुढे केला.

मग एका संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या तिने विचारलं, "मी कोण आहे?"

"या घरच्या बाई."

"आणि तू?"

तो विचारात पडला. "मला इथे ठेवून घेतलंय. आपले उपकार आहेत."

"माझा नवरा कुठे आहे?"

त्याने चमचा खाली ठेवला. तिच्याकडे अशा कळवळ्याने पाहिलं, की तसं तोरिबिओने जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

"आपल्याला कोणी सांगितलं नाही का?" तो म्हणाला. "मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो."

रात्रभर ती रडली नाही. सकाळी तिने पेटी उघडली, घागरे काढले, पोलकी काढली, लग्नातली हिरवी शालसुद्धा काढली. अंगणात चूल मांडून तिने मोठा हंडा चढवला आणि त्यात काळ्या रंगाच्या पुड्या सोडल्या. तो न सांगता आला, तिच्या हातातली काठी त्याने अलगद काढून घेतली आणि रंगात बुडालेले कपडे हळूहळू ढवळायला लागला. एकही डाग हिरवा राहू नये म्हणून तो पुन्हा पुन्हा खाली वाकून बघत होता.

कुंपणापलीकडून वाफ दिसली तशी दोमितिला आत आली. काळं पाणी बघून तिने छातीवर हात ठेवला.

"कोण गेलं गं?"

कासिल्दाने निथळणारा घागरा उचलून त्याचं एक टोक पिळायला धरलं.

"यांचा नवरा," हंडा ढवळता ढवळता तो हळू आवाजात म्हणाला. "फार बोलका माणूस होता म्हणतात."

दोमितिलाने त्याच्याकडे पाहिलं. वाकलेल्या त्याच्या टाळूकडे पाहिलं, मग कासिल्दाकडे पाहिलं, आणि क्रूसाची खूण केली. तिने बाह्या वर सारल्या आणि पिळायला काढलेल्या घागऱ्याचं दुसरं टोक हातात धरलं.